जटपुरा दरवाज्यावरचे पाहुणे

“बाई, ह्यांना आत हाका!” बीडीओसाहेब मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले.

हाकायला ती काही गुरं नव्हती. कोसमटोल्याची मोटारभर माणसं होती. ठेवणीतली धोतरं-लुगडी नेसून चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जटपुरा दरवाज्यासमोर उभी होती आणि आत यायला तयार नव्हती. दरवाजा दिसताच त्यांनी मोटार थांबवली, चपला काढल्या, एका बाजूला ओळीने उभी राहिली. तेव्हापासून सगळी हसतमुख आणि ढिम्म.

हे पन्नासच्या दशकातलं. मी आमच्या ब्लॉकमध्ये सोशल एज्युकेशन ऑर्गनायझर होते. ब्लॉक म्हणजे विकासाच्या कामासाठी एकत्र बांधलेली गावं, आणि बीडीओ त्यांचे कारभारी. माझ्याकडे साक्षरता वर्ग, बायकांच्या बैठका आणि दर्शन-सहल. म्हणजे लोकांना गावाबाहेर नेऊन जग दाखवायचं. साहेबांच्या लेखी जग म्हणजे सॉ-मिल आणि सरकारी नमुना-शेत. मी भांडून त्यात चांदा घुसवला होता. गोंड राजांचा परकोट, म्हणजे गावाभोवतीची दगडी भिंत, मग भोसल्यांचा अंमल, मग इंग्रजांचा, आता आपला. एका दरवाज्यात उभं राहून एवढं सगळं सांगता येतं. भाषण पाठ करून गेले होते मी!

पण खरी सहल होती ती लालसू गायत्याची. गायता म्हणजे गोंडांच्या गावात देवांचं पाहणारा माणूस. परकोटाचे दगड वाहायला आपल्या गावचे लोक गेले होते, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. डोळे मिटायच्या आत राजाच्या समाधीवर एकदा डोकं टेकायचं, एवढं एकच त्याचं मागणं. आणि समाध्या होत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, अंचलेश्वर दरवाज्याशी.

त्यात परतीच्या वाटेवर वैनगंगेला पूल नव्हता. नावांवर फळ्या टाकून मोटार पलीकडे नेत, आणि दिवस मावळला की नावाडी नाव बांधून घरी जाई. साहेबांनी निघतानाच बजावलं होतं, “नाव चुकली तर ही पहिली सहल आणि हीच शेवटची.”

मी लालसूकडे गेले. “भाऊ, काय झालं? आत नाही का यायचं?”

“यायचं हाये ना बाई. त्याच्यासाठीच त आलो.”

“मग?”

“सोयऱ्याचं गाव हाये. घरवाल्यानं पाय धुवाले पानी देल्याबगर पावना आत जाते काय?”

साहेबांनी ऐकलं. “अहो, राजा गेला, इंग्रज गेले, स्वराज्य आलं! आता कोण येणार पाणी घेऊन?”

लालसू शांतपणे म्हणाला, “राजा नसन साहेब. घर त हाये ना? घरचं मानूस येतपर्यंत उभं राहू.”

मला वाटलं, एवढंच ना? ड्रायव्हरकडची बादली घेतली, विहिरीवरून भरून आणली आणि लोटा लालसूपुढे धरला. सगळी माणसं खो खो हसली.

“तू त आमच्याच संगं आली बाई. पावन्यानं पावन्याले पानी कसं द्यावं?”

बरोबरच होतं. माझे कान लाल झाले. साहेब नगरपालिकेत शिपाई धाडायच्या गोष्टी करू लागले, तशी मी तिथून सटकले आणि दरवाज्याच्या आतल्या पहिल्याच घरात शिरले. घर कोष्ट्यांचं. ओसरीत एक बाई सूत उकलत बसली होती. गयाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. मी तिला सगळं सांगितलं.

तिने सूत बाजूला टाकलं. “मोटारभर पावने बाहेर उभे हायेत अन् तुमी मले आता सांगून राह्यल्या? काऊन वो बाई?” आणि गल्लीत तोंड घालून अशी हाक मारली की दरवाज्यावरची कबुतरं उडाली.

पाण्याच्या गुंड्या निघाल्या, लोटे निघाले, कुणी हळद-कुंकू आणलं. गल्लीतल्या बायांनी एकेकाच्या पायावर पाणी घातलं. गयाबाई लालसूला म्हणाली, “या भाऊ. लय दिवसानं आले.” म्हातारा डोळे पुसत उंबरा ओलांडल्यासारखा दरवाज्यातून आत आला.

मग ती साहेबांकडे वळली. “जोडे काढा साहेब.”

“मी सरकारी माणूस आहे.”

“सरकारी असान. पाय त हायेत ना?”

साहेबांनी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्या दिवसापासून कोसमटोल्यात साहेबांची भीती कुणाला वाटली नाही.

पाणी झालं, मग मुरमुरे आले, मग चहा. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि मुरमुऱ्यांचा बकणा भरत म्हणाले, “सॉ-मिल राहू द्या. लाकूड यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिलंय.” नमुना-शेतही त्याच घासाबरोबर गेलं.

आमच्या मागे गल्लीही निघाली. माझं भाषण पोटातच राहिलं. परकोटाशी सगळे आपापल्या पूर्वजांचे दगड शोधू लागले. “हा वाकडा दगड तुह्याच आज्याचा!” “अन् हा अर्धा बसवलेला तुह्या आज्याचा, आळशी होता ना!” त्यात गयाबाईनेही आपल्या सासऱ्याच्या नावाचा एक दगड लाटला.

समाधीशी लालसू गुडघे टेकून बसला. कपाळ दगडाला लावलं आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “राजा, कोसमटोल्याचे आलो. रस्ता लय लांब होता. तुह्या गावच्या पोरीनं पानी देलं, चांगलं देलं.” मग बायांनी हात गुंफून रेला, म्हणजे गोंडांचा फेराचा नाच, धरला, आणि कोष्टिणी त्या फेरात पाय चुकवत नाचल्या.

नावाडी दोर बांधायला वाकला होता तेव्हा आमची मोटार काठावर पोचली. त्याने आम्हाला शिव्या दिल्या आणि मोटारही चढवली. साहेबांनी रिपोर्टात ‘सहल यशस्वी’ लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांनीच उलटी सहल काढली. चांद्याच्या बायांना जंगलातलं गाव दाखवायचं. कोसमटोल्याच्या शिवेवर मोटार थांबली. साहेब उतरून झपाझप गावाकडे निघाले. मागे कुणीच येईना. गयाबाई आणि तिची गल्ली चपला काढून झाडाखाली ओळीने उभी होती.

“चला ना!” साहेब ओरडले.

“थांबा जी साहेब,” गयाबाई म्हणाली. “भाऊ पानी आणून राह्यला.”

वळणावरून लालसू येत होता. हातात लोटा, मागे अख्खं गाव. साहेब मुकाट्याने परत आले, ओळीच्या शेवटी उभे राहिले आणि बूट काढू लागले. या खेपेला मोजे नवे होते.

त्यानंतर नोकरीत मी पुष्कळ सहली काढल्या. कार्यक्रम आखताना पाहायची ठिकाणं शेवटी लिहायची. आधी विचारायचं, तिथे पाणी कोण देणार?