एका पिशवीतले दोन फर

पिशवी टेबलावर उपडी केली आणि माझं डोकंच बधिर झालं. शंकू गायब. दहा-बारा उघडे दांडे आणि खवल्यांचा ढीग.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवायचो. सुमन माझ्याकडे एम.फिल. करत होती. लासूर स्टेशनकडच्या मेंढपाळ घरातली, जिद्दीची पोरगी. विषय होता हिमालयातल्या दोन जातींच्या फर झाडांच्या शंकूंची, म्हणजे बिया धरणाऱ्या खवलेदार बोंडांची, तुलना. फर म्हणजे नाताळात सजवतात तसलं झाड. एका जातीची पानं लांब, लोंबती. दुसरीची आखूड, ताठ, खालून पांढरीशुभ्र. फांदी बघून ओळखता येतं. शंकूंच्या खवल्यांत किती फरक, ते सुमनला मोजायचं होतं.

कॉलेजच्या हिमालय टूरवर तिनं प्रत्येक शंकूच्या देठाला नंबरची चिठ्ठी बांधली.

"सर, दोन पिशव्या करू का?"

"चिठ्ठ्या आहेत ना! कोंब सगळे एकीतच," मी खेकसलो. सामान आधीच लई झालं होतं.

पाइनचा शंकू वाळला तरी अख्खा राहतो. फरचा वाळला की खवला-खवला सुटतो, मधला दांडा तेवढा उरतो. पुस्तकात वाचलं होतं मी. पण मराठवाड्यात फर हाताळायला मिळतो कुठं? ऐन वेळी आठवलंच नाही. चिठ्ठ्या दांड्यांना तशाच होत्या, खवले कुठल्या जातीचे ते देव जाणे.

"मोठे एकीकडं, बारके एकीकडं कर," मी हळूच सुचवलं.

"म्हंजे मोजायच्या आधीच उत्तर लिहायचं? नाय सर." तिनं एक खवला उचलला. "आमचे आप्पा मिसळलेल्या कळपातून आपली मेंढी बरोब्बर काढत्यात. मला यातलं एकबी सांगता येईना."

विभागाच्या हेडसाहेबांनी मला बोलावलं.

"पुन्हा टूर नाही. मुदतही संपली. चूक कुणाची?"

मी गप्प. रिपोर्टात 'विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा' असं आलं. खाली गाइड म्हणून माझी सही. तिचं रजिस्ट्रेशन रद्द झालं. घरच्यांनी शिकायला एवढ्यापुरतीच मुभा दिली होती. जाताना ती माझ्या पाया पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

फरचा शंकू वाळवण्याआधी पातळ कापडात घट्ट गुंडाळायचा. पुढच्या सगळ्या बॅचना मी हे न चुकता शिकवलं. कुणी विचारायचं, "सर, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगायचो, "एका विद्यार्थिनीच्या चुकीवरून."