बर्फ वाजेपर्यंत

परवा गुडघा सुजला म्हणून फ्रीजरमधला बर्फाचा पॅक काढला आणि नकळत कानाशी धरून हलवला. नवरा हसून म्हणाला, “कुणाचा फोन हाय?”

मी मात्र मनानं कित्येक वर्षं मागे, पालमजवळच्या सरकारी दवाखान्यात पोचले होते. नर्स म्हणून माझा पहिलाच आठवडा. जीव रमत नव्हता. परभणीला बदली मागणारा अर्ज पर्समध्ये तयार होता. लसीकरणाला निघायची घाई, म्हणून मी दगडासारखे गोठलेले पॅक सरळ लसीच्या डब्यात भरायला लागले. तिथल्या सगळ्यात जुन्या वाघमारे सिस्टरांनी माझा हात धरला.

“कानाला लाव. आत पाणी वाजतंय का?”

“न्हाई.”

“मग थांब. लय गार बर्फानं लस गोठती. तसली टोचून उपेग न्हाई.”

टेबलावर चार पॅकना घाम फुटत होता. स्पिरिटच्या वासात बसून मी एकेक उचलून ऐकत राहिले. अचानक एकाच्या पोटात घोटभर पाणी खुळखुळलं आणि मला खुदकन हसू आलं.

“सिस्टर, तुमी कधी बदली मागितली न्हाई?”

“अर्ज लिहिला होता की.”

“मग?”

त्यांनी फ्रीजरकडे बोट दाखवलं. त्याच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद होता.

तो अर्ज त्यांनी का दिला नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. अजून कुतूहल वाटतं. वर्षभरात फ्रीजरचा दुसरा पाय हलायला लागला, तेव्हा पर्समधला कागद मीच काढून दिला.