भाऊंचा हवेचा सेन्सर

आरमोरीच्या समस्त नागरिकांना कळविण्यात येते की, आज रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या भाऊंच्या गाडीचा हवेचा सेन्सर बाहेर काढला जाणार आहे. तरी कोणीही अंगण झाडू नये, गाद्या झटकू नयेत आणि शक्यतो शिंकूही नये!

अशी दवंडी कोणी पिटली नाही, हे खरं. पण भाऊंनी बॉनेट उघडून गल्लीवर एक नजर फिरवली, की हातातला झाडू आपोआप खाली जायचा.

हा सेन्सर म्हणजे इवलीशी वस्तू. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत बसून इंजिनात हवा किती चालली ते सांगते. शेजारच्या राइस मिलचा कोंडा त्यावर बसला, की उभी गाडी थरथरायची आणि बंद पडायची. भाऊ तो काढत, फवारा मारत, वाळवत, पुन्हा बसवत आणि डोळे मिटून इंजिन ऐकत.

"हवा कमी भेटून राह्यली तिले." निकाल ठरलेला. स्क्रू पुन्हा ढिला.

"भाऊ, मेकॅनिक म्हणते, तो फक्त साफ कराचा असते. हलवाचा नसते." मी शेजारधर्माने सांगून पाहिलं.

"त्याले काय जाते म्हणाले? त्याले बाईले घेऊन जंगलातून जाचं हाये का?"

खरी गोष्ट ही होती. भाऊ सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर. पहिली बस नेली, शेवटची आणली. जन्मभर अंधारात घर सोडलं, अंधारात परतले. आता त्यांच्या बायकोची, आमच्या बाईंची, नजर चालली होती. गेलेली परत येणार नाही, असं गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मोहर्लीकडचं माहेरचं रान एकदा पाहायचं, एवढंच बाईंनी मागितलं. आणि गाडी रानात बंद पडली तर, या धास्तीने भाऊ एकेक रविवार पुढे ढकलत होते.

मग तो चैत्रातला रविवार. भाऊंनी सेन्सर वाळायला चटईवर ठेवला. त्याच चटईवर बाईंची मोहफुलं वाळत होती. बाईंनी अंदाजाने ओंजळी भरभरून सगळं पोत्यात घातलं. सेन्सरसकट!

पोतं उलटं झालं. सारी गल्ली उकिडवी बसून मोहफुलं चिवडू लागली.

"काऊन हो, तुमाले माह्याच चटईवर जागा भेटली?" बाई कडाडल्या.

"तुले दिसलं नाई का?" भाऊ बोलून गेले.

सेन्सर बाईंच्याच बोटांना सापडला. भाऊंनी तो बसवला. गाडी थरथरतच होती. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. धाडकन बॉनेट लावलं.

"चाल, बस. बंद पडली त पडली. तुमीबी चाला, धक्का द्याले." हे मला!

मोहर्लीच्या अलीकडे रान दाटलं. भाऊंनी गाडी कडेला घेतली आणि आपल्याच हाताने बंद केली. "हा पाय ऐन. तो तेंदू..." ते एकेक झाड दाखवू लागले.

बाई बाहेर बघेचनात. भाऊंकडे वळून, अगदी जवळ तोंड नेऊन, त्या पाहतच राहिल्या.

"अवो, तिकडे पाय ना!" भाऊंनी बाहेर बोट केलं.

भाऊ आज नाहीत आणि बाईंना आता काहीच दिसत नाही. पण त्या दिवशी मी मागच्या सीटवर होतो, म्हणून सांगतो. बाईंच्या तोंडून निघून गेलं,

"झाडं मी लहानपणीच पाह्यली, अजी. तुमचं तोंड उजेडात कधी पाह्यलं? असेच बसा जरासे."