नारळ फोडल्यावर चालणारी मोटार

जोतीराम पलटणीतून परत आला तो सेहेचाळीस साली, आणि आल्या आल्या सांगलीच्या विष्णुपंतांच्या मोटारीला चिकटला. विष्णुपंतांची हळदीची अडत होती. मोटार अमेरिकन, वयानं जोतीरामपेक्षा जराशी लहान, पण मिजास जहागीरदाराची. जोतीराम तिचा ड्रायव्हर, मेकॅनिक आणि अडल्या वेळी तिला ढकलणारा हमालही. इटलीत बर्फात गाडलेल्या लॉऱ्या आपण कशा चालू केल्या, हे तो रंगवून सांगायचा. तासगावकडच्या त्याच्या गावात बर्फ कुणीच पाहिलेला नसल्यामुळे ते सगळ्यांना पटायचं.

दसऱ्यापर्यंत सगळं झकास होतं. मग मोटारीला एक खोड लागली. वीस-तीस मैल वाऱ्यासारखी पळायची आणि मधेच, ना चढ ना खड्डा, दोन उचक्या देऊन गप्प बसायची. कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हातारबुवांसारखी.

जोतीरामनं प्लग काढून घासले. कार्बुरेटर उघडून धुतला. कॉइल बदलली. दर रविवारी अडतीच्या अंगणात मोटार सुटी सुटी होऊन गोणपाटावर ऊन खात पडायची, आणि संध्याकाळी जोडली की अशी गुरगुरायची की जणू आजवर कधी रुसलीच नव्हती. घरच्या घरी तिला काही म्हणजे काही होत नसे. जे व्हायचं ते रस्त्यात, चार लोकांदेखत.

शेवटी विष्णुपंतांनीच उपाय काढला. गाडी बंद पडली की पुढच्या चाकाशी नारळ फोडायचा. खोबरं सगळ्यांनी खायचं, हात पुसायचे आणि हँडल मारायचं. गाडी चालू! एकदा नव्हे, सात नारळांत सात वेळा. आठव्या वेळेपासून डिकीत नारळांचं पोतंच आलं.

"लढाईतल्या गाड्या दुरुस्त केल्या म्हंता," जोतीरामची बायको अंजना म्हणाली, "आन् हितं बाजारातला नारळ तुमच्यापरीस हुशार निघाला की वं!"

नारळाला पगार नव्हता, जोतीरामला होता.

मार्गशीर्षात विष्णुपंतांच्या मुलीचा, सुहासिनीचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे साताऱ्याचे, मुहूर्त दुपारी चारचा. आदल्या दिवशी विष्णुपंतांनी जोतीरामला समोर उभं केलं.

"हे बघ, उद्या चारच्या आत साताऱ्यात. वाटेत खोळंबलो आणि मुहूर्त टळला, तर ही मोटार भंगारात आणि तू तुझ्या उसात. कळलं?"

"व्हय मालक." पलटणीत शिकल्याप्रमाणे त्यानं टाचा जुळवल्या, पण वहाणांचा काही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुढे विष्णुपंत, मागे त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई आणि शालूत गुंडाळलेली सुहासिनी, अशी स्वारी निघाली. इस्लामपूर गेलं. कऱ्हाड आठ मैलांवर आलं, आणि मोटारीनं दोन उचक्या दिल्या.

विष्णुपंत उतरले, मागे गेले आणि नारळ घेऊन चाकाशी वाकले.

"मालक, थांबा!" जोतीराम जवळजवळ ओरडलाच. "आज नारळ फोडू नका."

"का? सोयरसुतक आहे काय तुला?"

"तसं न्हवं. नारळ फुटला की गाडी चालू होती आन् बिघाड पळून जातो. मग मी धरू कुणाला?"

"अरे, पळून जातो तेच तर हवंय मला!"

"आत्ता पळंल, आन् उंब्रजच्या पुढं परत यील. मग चार वाजता आपण कुठं असू? मला धा मिनिटं द्या. न्हाई सापडलं तर नारळ हाय, आन् मी माझ्या पायानं उसात जातो."

विष्णुपंतांनी नारळ काखेत धरला आणि घड्याळ हातात. "दहा म्हणजे दहा."

जोतीरामनं बॉनेट उघडलं. प्लगची वायर लोखंडाजवळ धरली आणि म्हणाला, "मालक, जरा हँडल मारा." जरीकाठी उपरणं सावरत विष्णुपंतांनी हँडल मारलं. निळी ठिणगी तडतडली. म्हणजे वीज ठीक. मग त्यानं पेट्रोलच्या पंपाची काचेची वाटी पाहिली. कोरडी ठणठणीत! मागे जाऊन झाकण न उघडताच टाकी हातानं ठोकली. ती निम्मीअधिक भरलेली वाजली. टाकीत पेट्रोल आणि वाटीत थेंब नाही.

"सहा मिनिटं," विष्णुपंत म्हणाले.

जोतीरामनं पंपाजवळची नळी सोडवली आणि तोंडानं ओढली. पेट्रोल येईना. जोर करून ओढली तर नळीनंच त्याची जीभ ओढली! जीभ सोडवून घेऊन तो बघत राहिला. घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल असंच अडून बसतं; हवेसाठी दुसरं भोक पाडावं लागतं, हे तर अंजनालाही ठाऊक होतं.

तो धावत मागे गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स! टाकीनं असा लांब श्वास घेतला की सुहासिनी दचकली. पुढे नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं.

झाकणात हवेसाठी सुईएवढं भोक असतं. ते भोक दिसतच नव्हतं. त्यावर पिवळ्यातांबड्या थरांचा घट्ट गिलावा बसला होता, आणि वर ताज्या बोटाचा ठसा. इतके दिवस गाडी थांबली की झाकणाच्या चिरांमधून हळूहळू हवा आत शिरायची, आणि तेवढा वेळ मिळायचा तो खोबरं खाण्यात.

जोतीरामनं बोटाचा ठसा ओळखला. आता सांगायचं कसं? साखरपुड्याच्या वाटेवर, मुलीसमोर? त्यानं झाकण घाईघाईनं फडक्यात घेतलं, टाचणीनं भोक मोकळं केलं.

"काय होतं रे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"काय न्हाई मालक. माझंच चुकलं. झाकणावर घाण बसली हुती, पुसायची ऱ्हायली."

"घाण?" मागच्या सीटवरून विनोदिनीबाईंचा आवाज आला. "घाण काय म्हणतोस रे? दसऱ्यापासून दर शुक्रवारी हळदकुंकू लावतेय मी त्याला!"

विष्णुपंतांनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं.

"झाकणाला?" विष्णुपंत कसेबसे म्हणाले.

"मग कशाला? चुलीला लावतो ते तिच्या तोंडाला ना? ही खाते तिथूनच. पुढचं ते नुसतं पोट!"

विष्णुपंतांनी झाकण हातात घेतलं, नखानं खरवडलं, उन्हात धरलं. "हळद कुठली?"

"आपल्याच वखारीतली."

"वाटलंच. इतकी चिकट हळद दुसऱ्या कुणाच्या अडतीत मिळायची नाही," असं म्हणून त्यांनी झाकण परत दिलं आणि ते पुढे जाऊन बसले. बायकोला बोलावं तर माल आपलाच होता.

जोतीरामनं नळी जोडली, झाकण लावलं, हँडल मारलं आणि पावणेचारला मोटार साताऱ्यात व्याह्यांच्या दारी उभी होती.

साखरपुडा झाला. जोतीराम बाहेर फूटबोर्डावर बसला होता. कुणीतरी त्याच्या हातावर कंदी पेढा ठेवला होता, पण तो खायला त्याचं मन होईना. गाडी वेळेत आली खरी, पण दोन महिने नारळ फोडायला लावणारा मेकॅनिक कोण ठेवील?

विष्णुपंत बाहेर आले. काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण त्यांना सवय नव्हती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, एका टायरला उगाच लाथ घातली.

"सोमवारी मिरजेला जायचंय. सातला गाडी काढ. आणि शुक्रवारी बाई ताट घेऊन आल्या की तू झाकणाजवळ उभा राहा. त्यांना म्हणावं, आता चाकाला लावा."

"मी म्हनू? वैनींना?"

"मग काय मी म्हणू?" विष्णुपंतांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पगार कशाचा घेतोस?"

जोतीरामनं पेढा अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला.