हृदयाचा धोका कोणी दिला?

“धोका? माह्या बुढ्यानं मले धोका देल्ला म्हून कोण सांगते?”

अहेरीच्या बाजारातली चिंचवाली बाई अशी कडाडली की प्राणहिता नदी क्षणभर उलटी वाहिली. मी फक्त हातातल्या कागदावरचं वाचलं होतं, “आपणास हृदयाचा धोका आहे का?” हृदयरोगाची ही इंग्रजी प्रश्नावली आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी पुण्यात पंख्याखाली बसून मराठीत आणली होती. ती लोकांना कळते का, हे पाहायला मला इकडे धाडलं होतं.

मी कागद बाजूला ठेवला. “छातीत दुखते का, बाई?”

“दुखत नाई, भाऊ.” तिनं मूठ छातीच्या मधोमध दाबली. “टोपलं घेऊन टेकडी चढली का इथी म्हैस बसते. मी थांबली का उठते. रोजचीच हाय.”

शेजारच्या बाया खिदळल्या. मी हसलो नाही. ही म्हैस एक दिवस उठतच नाही, एवढं मला ठाऊक होतं. तिथूनच साहेबांना फोन लावला. बाई दुखत नाही म्हणते, पण छातीवर म्हैस बसते म्हणते, तिला आजच दवाखान्यात न्यायला हवं आणि प्रश्नात म्हैस घालायला हवी, असं ओरडून सांगितलं.

साहेब म्हणाले, “दुखत नाही म्हणाली ना? मग ‘नाही’वर खूण करा.”