नातीचा डावा कान

ये गं, अशी जवळ बस. एवढी कॉलेजात शिकवायला लागलीस आणि आल्या आल्या काय म्हणतेस? "मावशी, शेवटच्या बाकावरची एक मुलगी मुद्दाम उत्तर देत नाही." मुद्दाम? तिला विचारलंस का? वेडी कुठली! ऐक आता.

माझ्या नातीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. घरात कुणाला कळलंच नव्हतं. कळणार कसं? आमचं रेवदंडा, होड्यांची इंजिनं, वारा, त्यात बोलायचं म्हणजे ओरडूनच. घरात मीठ मागायचं तरी तसंच, शाळेतले गुरुजीही तसेच. पोरीला सगळं ऐकू यायचं!

कॉलेजात गेली आणि गाडं अडलं. तिथल्या बाई हळू बोलणाऱ्या, त्याही फळ्याकडे तोंड करून. प्रश्न आला की ही गप्प. मुली म्हणायच्या, "शिष्ट हाय." शेवटी म्हणाली, "आजी, मी न्हाय जाणार. तुझ्याबरोबर मासळी सुकवीन." घरात तिच्याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरकडं नेली, तेव्हा कळलं, डावा कान बंद.

मग मीच रिक्षात बसून गेले. व्हरांड्यात बाई दिसल्या. "बाई, माझ्या नातीला..." एवढंच म्हटलं, तर वर्गावर्गातली पोरं दाराशी! बाईंनी माझा हात धरला, रिकाम्या खोलीत नेलं, दार लावलं आणि हसल्या. "आजी, मुरुडपर्यंत ऐकू गेलं असेल. आता सावकाश सांगा."

सगळं ऐकून त्यांनी नातीला बोलावलं. "तुला कुठं बसलं की बरं पडतं? मी काय करू?" असं तिला कुणी विचारलंच नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. आधी रडली, मग सांगत सुटली.

तेव्हापासून बाई वर्गाकडे तोंड करून बोलतात. मागून कुणी शंका विचारली, की ती पुन्हा मोठ्यानं सांगतात. हे कुणासाठी, ते वर्गात कधी बोलल्या नाहीत. नात डाव्या भिंतीलगत बसते, म्हणजे चांगला कान वर्गाकडे. मैत्रिणींना सांगायचं की नाही, ते बाईंनी तिच्यावरच सोडलं. पुढं तिनंच सांगितलं, तर एक म्हणते, "म्हणजे तुझी चुगली डावीकडूनच करायची!" घरी येऊन मला सांगताना हसू आवरेना तिला.

आता शेवटच्या वर्षाला आहे. सुकवायची मासळी माझी मलाच बघावी लागते, पण बरं वाटतं.

तू त्या मुलीला बाजूला घेऊन विचार हं, सगळ्यांसमोर नको. कान असेल, डोकेदुखी असेल, आणखी काही असेल. तोंडाकडे बघून कळत नाही गं. आणि आजच्यासारखी उभ्या उभ्या येऊ नकोस. येत्या रविवारी नात घरी आहे, जेवायलाच ये.