दसऱ्याचं कुंकू आणि पेन ड्राइव्ह

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. आतल्या सगळ्या मशीनवर ती आली त्या दिवशीचं प्लास्टिक तसंच होतं. सरांनी ब्लेडने फक्त दोन खिडक्या कापल्या होत्या. एक चालू करायच्या बटणापुरती, दुसरी पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेपुरती. "प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी होते," असं सर म्हणत. त्यांचं खरं असावं. आम्ही त्या वस्तूंना इतका कमी हात लावला होता की त्यांना जुनं व्हायला काही कारणच नव्हतं.

दसऱ्याला मात्र लॅबचा थाट असे. झेंडूचे हार, नारळ, आणि प्रत्येक मशीनला ओलं हळदकुंकू. सर मनापासून पूजा करत. बोट टेकवून नाही, चांगलं दाबून.

मी साखऱ्याहून जीपने सेनगावला येत असे. आमच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. आमच्या घरी हळद फक्त भाजीत असते. तरी मीही रांगेत हात जोडून उभा राहायचो. कॉम्प्युटरपुढे आम्ही सगळे समान होतो, कारण तो कोणालाच चालवता येत नव्हता.

शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच, सरांच्या मेहुण्याच्या लग्नाचे फोटो बघताना, मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि एकेक करून सगळी बंद पडली. हे आम्हाला कळलं ते दिवाळीनंतर, प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्यावर. पूजेला मशीन चालू असावं लागत नाही.

बाहेरून परीक्षक येणार होते. मशीन चालू दिसलं नाही तर आमची परीक्षा पुढच्या वर्षावर जाणार, असं ऑफिसातून सांगितलं. इतरांचं मला माहीत नाही. माझ्या घरी पुढचं वर्ष नव्हतंच. पुण्यातला चुलतभाऊ कंपनीत हेल्पर म्हणून लावायला तयार बसला होता, आणि वडलांनी त्याला 'परीक्षेपर्यंत थांब' म्हणून सांगितलं होतं.

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणं हा एकच उपाय होता. सीडीचा ट्रे प्लास्टिकखाली होता आणि तिसरी खिडकी कापायला सर तयार नव्हते. म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर सीडीतल्या फायली पेन ड्राइव्हमध्ये कॉपी केल्या आणि तो पहिल्या मशीनला लावला. पडदा काळाच राहिला. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग आणखी एकदा, या वेळी डोळे मिटून.

"सर," मी चाचरत म्हणालो, "मला वाटतं, नुसत्या फायली कॉपी करून जमत न्हाई. ड्राइव्ह बूटेबल करावा लागतो, मशीन त्याच्यावरून सुरू व्हईल असा."

"तुला वाटतं?" सर म्हणाले. "आमी काय हजामती करून पदवी घेतली का?"

 दुसऱ्या दिवशी मी सरांचा ड्राइव्ह घेऊन न सांगता हिंगोलीला गेलो, नेट कॅफेत बसून इंटरनेटवर वाचत वाचत ड्राइव्ह बूटेबल केला आणि तिथल्याच मशीनवर लावून बघितला. चालला. परतीच्या जीपमध्ये मी तो खिशात धरून बसलो होतो.

लॅबमध्ये तोच ड्राइव्ह मुका. मी सेटिंगमध्ये शिरून बूटचा क्रम बघितला. आधी कुठून सुरू व्हायचं ते तिथे सांगता येतं. पण त्या यादीत पेन ड्राइव्हचं नावच येईना. माझ्याबरोबर वर्गातला एक मित्र होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो खाली वाकला.

"आरं, याचा लाईटच लागून न्हाई राहिला."

मी खाचेत डोकावलो. आत लाल-पिवळा थर, दर दसऱ्याला वाढत यंदा वाळून घट्ट झालेला. प्लास्टिकने झाकलेल्या मशीनवर हळदकुंकू लावायला दोनच उघड्या जागा होत्या. बटण गुळगुळीत, म्हणून सरांची सगळी भक्ती या खाचेत गेली होती. मागच्या बाजूच्या खाचा चोरांच्या भीतीने लोखंडी पेटीत, आणि पेटीची किल्ली संस्थेच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष मुंबईला.

"पूस की मग," मित्र म्हणाला.

"तूच पूस."

"मी कुंकू पुसू? माय घरात घ्यायची न्हाई मला. तुमच्यात चालतंय. तुला पाप न्हाई लागत."

"पाप न्हाई लागत," मी म्हणालो, "पण उद्या कोणी पुसलं म्हणून विचारलं, तर माझंच नाव सगळ्यात आधी निघंल."

तो हसला, मग हसायचा थांबला. मी मशीन बंद करून भिंतीवरच्या बोर्डातून वायर काढली आणि दातांच्या कोरड्या ब्रशने खाच घासायला लागलो. तेवढ्यात सर आत आले.

"कुंकू कोण पुसून राहिलं?"

"मी, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले, मग मित्राकडे. मित्र छताकडे बघत होता. मी वायर जोडली, ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. ड्राइव्हवर हिरवा ठिपका लागला आणि पडद्यावर निळ्या रंगात अक्षरं उमटली.

"बराबर," सर म्हणाले. "मी म्हणलं व्हतं न्हाई का, कॉपी केल्यावर जरा टाइम लागतो त्याला?"

परीक्षेच्या सकाळपर्यंत सगळी मशीन चालू झाली, आणि त्याच सकाळी सरांनी नारळ फोडून प्रत्येक मशीनला नवं हळदकुंकू लावलं. परीक्षक आले. 'नुकतीच दुरुस्त झालीत' म्हणून आम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. तोंडी परीक्षा झाली. माझी पाळी आली.

"पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होत नसेल तर काय बघाल?"

"ड्राइव्ह नीट बूटेबल झालाय का ते. मग बूटचा क्रम. मग..." परीक्षकांच्या मागे सर उभे होते, हातात खोबऱ्याची वाटी घेऊन. "मग खाचेत काही अडकलंय का ते."

"काय अडकू शकतं?"

"धूळ, सर."

परीक्षकांनी मान हलवून मार्क लिहिले. उठताना आधारासाठी त्यांनी मशीनवर हात ठेवला, आणि बोटं बघत थांबले.

"तुमच्याकडची धूळ लाल असते?"

"व्हय सर," सर मागून म्हणाले. "इकडं मातीच तशी हाय."

खिडकीबाहेर कपाशीचं रान होतं. मैलभर काळीभोर माती.